बॉसा नोवा : हळू आवाजाची मौसिकी

आपल्याकडे 'निवडक' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. निवडक कथा, निवडक गझला, निवडक गाणी. निवड कोणी केली, काय घेतले, काय टाकले आणि कोणाला विचारून घेतले, हे प्रश्न वाचक किंवा श्रोता सहसा विचारत नाही. पुस्तक हाती पडले की वाचतो, गाणे कानी पडले की ऐकतो. कॅसेटच्या जमान्यात हेच होते, एमपीथ्री सीडीच्या जमान्यात हेच होते आणि आज मोबाइलवरही तेच आहे. या लेखात ज्या संकलनाविषयी लिहायचे आहे, त्याने मात्र हे सगळे प्रश्न उभे केले आणि ते थेट न्यायालयापर्यंत गेले.

हे संकलन आहे ब्राझीलचा गायक जुआंव जिल्बेर्तो याचे. गोव्यात ज्या नावाने घरोघरी हाक मारली जाते, तेच हे जुआंव. १९५८ ते १९६१ या काळात त्याने गायलेली ३८ गाणी एकत्र करून १९९० मध्ये अमेरिकेत 'द लेजंडरी जुआंव जिल्बेर्तो' ही सीडी निघाली. ब्राझीलमध्ये याच गाण्यांचा संच 'ओ मितो', म्हणजे 'मिथक', या नावाने त्याआधीच बाजारात आला होता. ज्या संगीताला जग बॉसा नोवा म्हणते, त्याचा पाया या ३८ गाण्यांत आहे. 'बॉसा नोवा' या पोर्तुगीज शब्दांचा अर्थ साधारणपणे 'नवी ढब' असा होतो.

गोंदियासारख्या ठिकाणी, उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या माणसाने ब्राझीलच्या गाण्यांवर का लिहावे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की उर्दू शायरीने आपल्या कानाला जे वळण लावले आहे, त्या कानाने ही गाणी ऐकली तर ती परकी वाटत नाहीत. शिवाय हा ठेका मुंबईच्या फिल्मी संगीतातून आपल्या घरात केव्हाच येऊन बसला आहे, फक्त त्याचे नाव आपल्याला कोणी सांगितले नव्हते.

ही नवी ढब आली कुठून, ते आधी थोडक्यात पाहू. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात रिओ दि जानेरो शहरात तीन माणसे एकत्र आली. टॉम जोबिम हा संगीतकार, विनिसियुस द मोरायस हा शायर आणि जुआंव हा गायक. विनिसियुस पेशाने परराष्ट्र खात्यातला अधिकारी होता. आपल्या वाचकाला ही मांडणी ओळखीची वाटेल. मजरूह, साहिर, शकील यांच्यासारखे शायर, एखादा संगीतकार आणि एखादा गायक यांच्या मेळातून मुंबईत जे घडत होते, तसेच काहीसे त्याच वर्षांत तिकडे घडत होते. विनिसियुसने १९५६ मध्ये एक नाटक रंगभूमीवर आणले. त्यावरून निघालेल्या 'ब्लॅक ऑर्फियस' या चित्रपटाला १९५९ मध्ये कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि ब्राझीलचे हे नवे सूर जगाच्या कानी पडले.

पण ढब खऱ्या अर्थाने घडवली ती जुआंवने. १९३१ मध्ये बाहिया प्रांतातल्या जुआझेइरो या गावी जन्मलेला हा मुलगा रिओमध्ये आला, तिथे जम बसला नाही, आणि १९५५ च्या सुमारास दियामान्तिना या डोंगरातल्या गावी बहिणीच्या घरी जाऊन राहिला. तिथे महिनोन् महिने त्याने रियाज केला. घरातल्या न्हाणीघरात आवाज चांगला घुमतो म्हणून तिथेच गिटार घेऊन बसायचा, असे त्याच्याविषयी सांगतात. या रियाजातून दोन गोष्टी बाहेर आल्या. एक, सांबा या ब्राझीलच्या नाचाच्या संगीतातला सगळा ढोलताशा त्याने एका गिटारवर आणला. अंगठा मोठ्या ढोलाचे काम करतो आणि बाकीची बोटे लहान वाद्याचे तुटक बोल वाजवतात. दुसरी, त्याने आवाज उतरवला. इतका उतरवला की शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावे तसे गाणे झाले.

त्या काळच्या ब्राझीलमध्ये गायक म्हणजे भरदार आवाजाचा, लांब ताना घेणारा, शेवटच्या सुरावर कंप देणारा माणूस. जुआंवने कंप काढून टाकला. सूर सरळ, शब्द स्वच्छ, श्वासाचा आवाजही ऐकू येणार नाही असा. शिवाय गाताना तो ठेक्याच्या किंचित पुढे किंवा मागे राहतो, पण गिटार जागची हलत नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी त्याने आवाजाला एक आणि गिटारला एक असे दोन मायक्रोफोन मागितले होते. त्या काळात ही मागणी नखऱ्याची वाटली. पण ते संगीत मायक्रोफोनवरच उभे होते आणि ही गोष्ट त्याला इतरांच्या आधी कळली होती.

इथे मला उर्दू शायरीतली एक संज्ञा वापरावीशी वाटते, सहल-ए-मुम्तना. शेर असा की वाचणाऱ्याला वाटावे, हे तर मीही म्हटले असते. आणि म्हणायला बसले की कळावे, हे जमणारे नाही. मीरच्या छोट्या बहरमधल्या गझला वर्गात शिकवताना हा अनुभव दरवर्षी येतो. मुलांना शब्द सगळे कळतात, म्हणून शेर सोपा वाटतो. मग तुम्ही असा एक मिसरा लिहून आणा म्हटले की दुसऱ्या दिवशी वह्या कोऱ्या असतात. या संकलनातली गाणी सहल-ए-मुम्तनाच्या जातीची आहेत. बहुतेक गाणी दोन मिनिटांच्या आसपास संपतात. १९५९ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत १२ गाणी आहेत आणि सगळी मिळून २५ मिनिटेसुद्धा होत नाहीत. पण त्या साध्या चालीच्या खाली जोबिमचे स्वरमेळ क्षणाक्षणाला रंग बदलत असतात. सूर तोच राहतो आणि त्याखालची जमीन सरकते. ज्यांना हे संगीत बेसूर वाटले, त्यांना 'देसाफिनादो', म्हणजे 'बेसुरा', या नावाच्या गाण्यानेच उत्तर दिले. ते गाणेही या संचात आहे.

हळू आवाजाचा गायक म्हटले की आपल्याला तलत महमूद आठवणार, आणि आठवावाच. पण तुलना नीट करायला हवी. तलतच्या आवाजात लरजिश होती. ती दोष आहे, असे काही लोक म्हणत. अनिल विश्वास यांनी ती लरजिश हीच या आवाजाची दौलत आहे हे ओळखले आणि १९५० च्या 'आरजू' चित्रपटातून तो आवाज लोकांपुढे आणला. तलतचा दर्द त्या थरथरीत आहे. जुआंवने मात्र थरथर वर्ज्य केली. तो दर्द दाखवत नाही, नुसता सांगतो, आणि ऐकणाऱ्यावर सोडून देतो. दोघांचाही आवाज मृदू आहे, पण वाटा उलट्या आहेत. तलत ऐकताना आपण गायकाच्या दुःखात सामील होतो. जुआंव ऐकताना आपल्याला आपले स्वतःचे काहीतरी आठवते.

या आठवण्याला पोर्तुगीज भाषेत एक शब्द आहे, सौदाद. जे दूर गेले त्याची ओढ, आणि त्या ओढीतलाही एक गोडवा. गोव्याच्या मांडोमध्येही हा भाव भरलेला आहे. जुआंवच्या पहिल्या गाजलेल्या गाण्याच्या नावातच हा शब्द आहे. उर्दू वाचकाला तो ऐकताच आपला 'सौदा' आठवतो. सौदा म्हणजे इश्काचे वेड, काळजातली काळिमा. अठराव्या शतकातल्या मिर्झा रफी यांनी तर तेच तखल्लुस घेतले. सौदाद हा शब्द याच अरबी मुळातून पोर्तुगीजमध्ये गेला, असे काहींनी मांडलेही आहे. मोह पडावा अशी ही कल्पना आहे. पण भाषेचे अभ्यासक तो शब्द लॅटिनमधल्या 'एकटेपणा' या अर्थाच्या शब्दापासून आला असे सांगतात, आणि त्यांचे म्हणणे मानणेच योग्य. दुसऱ्याच्या घरातली चांगली वस्तू दिसली की ती मुळात आमचीच होती, असे म्हणण्याची खोड आपल्यातही आहे. हिज्र आणि सौदाद हे शब्द भाऊ नसतील, पण त्यांची दोस्ती व्हायला रक्ताचे नाते कशाला हवे?

आता मुंबईकडे वळू. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीज सत्तेखाली होता. तिथल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्या शाळांतून तयार झालेले वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे फिल्म स्टुडिओंत आले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट ही त्यातली काही नावे. हिंदी गाण्यांचा वाद्यमेळ या लोकांनी बांधला. परदेशात नवा ठेका आला की तो आधी यांच्या कानावर पडे आणि मग गाण्यात उतरे. १९६६ च्या 'पती पत्नी' या चित्रपटात राहुलदेव बर्मन यांनी आशा भोसले यांच्याकडून एक गाणे बॉसा नोवाच्या ठेक्यावर गाऊन घेतले. हिंदी चित्रपटसंगीतातला या ठेक्याचा तो अगदी सुरुवातीचा वापर मानला जातो. बोलांत उर्दू गझलेतला नेहमीचा दर्द, आणि खाली रिओचा ठेका.

हे कौतुकाचे आहेच. पण समीक्षेच्या दृष्टीने एक गोष्ट सांगायला हवी. मुंबईने ठेका घेतला, सन्नाटा घेतला नाही. त्याला कारणही होते. सिनेमाचे गाणे हजार माणसांच्या थिएटरात ऐकू जायला हवे, त्यात नायिकेची अदा हवी, मध्ये वाद्यमेळाचा तुकडा हवा. जुआंवच्या गाण्यात ज्या रिकाम्या जागा आहेत, त्या इथे व्हायोलिनने भरल्या गेल्या. म्हणून आपल्याकडे बॉसा नोवा हा एक मसाला म्हणून आला. गाण्याची ती एक वृत्ती आहे, हे मागेच राहिले.

त्या वृत्तीच्या सर्वांत जवळ आपल्याकडे कोणी गेले असेल, तर माझ्या मते भूपिंदर सिंग. हे गृहस्थ राहुलदेव यांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवत आणि स्वतः गझल गात. त्यांनी गझलेच्या साथीला स्पॅनिश गिटार आणली. गुलजार यांच्या शब्दांवरची त्यांची 'वो जो शायर था' ही ध्वनिमुद्रिका ऐकावी. खर्जातला आवाज, घाई नाही, आणि शब्द संपल्यावर शब्दाला थोडे थांबू देणे. ते जिल्बेर्तोची नक्कल करत होते, असे मी म्हणणार नाही. पण गझल आणि गिटार यांचा निकाह कसा लागतो, हे त्यांनी दाखवले. २०२२ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या फिल्मी गाण्यांची आठवण पुष्कळ निघाली, या कामाची कमी निघाली.

आता या संगीतावरचा मोठा आक्षेप. बॉसा नोवा हे रिओच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या, कोपाकबाना आणि इपानेमा या सुखवस्तू वस्त्यांतल्या तरुणांचे संगीत. सांबा मात्र टेकड्यांवरच्या गरीब वस्त्यांत, गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांच्या वंशजांनी जपलेला. त्यांचा ढोल काढून घेतला, आवाज खाली आणला, आणि दिवाणखान्यात बसवला, असे टीकाकार म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. जॉनी आल्फ हा काळा पियानोवादक या मंडळींच्या आधीपासून अशाच स्वरमेळांचे प्रयोग करत होता, पण बॉसा नोवाच्या संकलनांत त्याचे नाव शोधावे लागते. १९६२ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम झाला, १९६४ मध्ये अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ याच्याबरोबरची जुआंवची ध्वनिमुद्रिका जगभर खपली, आणि त्याच वर्षी ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता घेतली. देशात तुरुंग भरत असताना समुद्र आणि सुंदर मुलीची गाणी कशी गायची, असा प्रश्न तिथल्याच कलावंतांना पडला. बॉसा नोवाची लाडकी गायिका नारा लियांव हिने त्याच वर्षाअखेर 'ओपिनियांव' या कार्यक्रमात टेकडीवरच्या वस्तीतला सांबाकार झे केती आणि ईशान्येकडचा गीतकार जुआंव दु वाले यांच्या जोडीने व्यासपीठ घेतले. शायर विनिसियुसला १९६९ मध्ये लष्करी राजवटीने परराष्ट्र सेवेतून काढून टाकले.

तेव्हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. पण हे संकलनच त्याला अर्धे उत्तर देते. या ३८ गाण्यांत फक्त जोबिम आणि विनिसियुस नाहीत. दोरिवाल काइमी आहे, आरी बारोझो आहे, आणि १९६१ च्या ध्वनिमुद्रिकेतून घेतलेले, काळ्या वस्तीतला सांबाकार जेराल्दो परेरा याचे गाणे आहे. परेरा १९५५ मध्येच वारला होता. म्हणजे ज्याच्यावर सांबा विसरल्याचा आरोप, तो जुन्या सांबाकारांना त्यांच्या नावासह गात होता. ढोल काढला हे खरे, पण ठेका मोडला नाही. उरलेले अर्धे उत्तर मात्र या सीडीत नाही. त्यासाठी जॉनी आल्फ वेगळा ऐकावा लागतो.

आता संकलन म्हणून या कामाची पारख. जुआंवला ते मुळीच पसंत नव्हते. त्याचे म्हणणे असे की, गाणी नव्याने तयार करताना कंपनीने मूळ आवाजाचा पोत बदलला. तो कंपनीविरुद्ध न्यायालयात गेला आणि हे प्रकरण वर्षानुवर्षे चालले. त्या भांडणात मूळ तीन ध्वनिमुद्रिकाही दीर्घकाळ अधिकृतपणे बाजारात येऊ शकल्या नाहीत. २०१९ च्या जुलैत तो वारला तेव्हा तो ८८ वर्षांचा होता.

काहींना हा विक्षिप्त म्हाताऱ्याचा हट्ट वाटला. मला तसे वाटत नाही. ज्याची सगळी कला आवाजाच्या वजनावर उभी आहे, त्याच्या आवाजावर थोडी जरी घुमारी चढवली तरी कलेचा अर्थ बदलतो. एखाद्या संपादकाने मीरच्या शेरात 'जरा वजनदार' शब्द घालून तो छापावा, तसे हे आहे. दुसरे असे की ही ३८ गाणी सलग एका तबकडीवर ओतली की त्यांचा मूळ क्रम आणि मधला विसावा हरवतो. पंचवीस मिनिटांत संपणारी मैफल सव्वा तासाची होते. कमी बोलणाऱ्या माणसाला जबरदस्तीने भाषण करायला लावल्यासारखे ते होते.

आपल्या जुन्या फिल्मी गाण्यांच्या संकलनांशी हे ताडून पाहावे. मुखपृष्ठावर नायक-नायिकेचे चित्र, गायकाचे नाव, फार तर संगीतकाराचे. ज्या गोव्याच्या वादकाने तो वाद्यमेळ लिहिला, ज्याने ती गिटार वाजवली, त्यांची नावे क्वचितच दिसतात. जिल्बेर्तोपाशी निदान भांडायला नाव होते. ज्यांचे नावच छापले गेले नाही, त्यांनी कोणत्या न्यायालयात जावे? म्हणून संकलन करणाऱ्यावर, मग ते गाण्यांचे असो की कथा-कवितांचे, किमान तीन जबाबदाऱ्या येतात असे मी मानतो. ज्याचे काम आहे त्याला विचारावे, कामाला हात लावू नये, आणि ज्यांनी ज्यांनी हात लावला त्या सर्वांची नावे द्यावीत. या कसोटीवर १९९० चे हे संकलन पहिल्या दोन विषयांत नापास होते. तरीही ते ऐकू नये असे मी म्हणणार नाही, कारण जगभरच्या एका पिढीला ही गाणी याच तबकडीने पोचवली. ज्यांना शक्य आहे त्यांनी मूळ तीन ध्वनिमुद्रिका, त्यांच्या मूळ क्रमाने, वेगवेगळ्या दिवशी ऐकाव्यात.

आपल्याला यातून काय घेण्यासारखे आहे? गोंदियात लग्नाची वरात निघाली की डीजे आणि धुमालने खिडक्यांच्या काचा हादरतात. ते बाजूला ठेवू, तो उत्सव आहे. पण आता मुशायरेही त्याच वाटेने चालले आहेत. शायर शेर म्हणत नाही, ललकारतो. दाद शेराला मिळत नाही, घशाला मिळते. माझ्याकडे गझल दाखवायला येणारी तरुण मुले कागद पुढे करण्याआधी तरन्नुम लावतात. मी त्यांना कागदावरची गझल आधी नुसती वाचायला सांगतो, शेजारच्या बाकाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. ज्या शेराला तेवढ्यानेही दाद मिळते, तो ठेवायचा.

हळू बोलणे म्हणजे दबून बोलणे नव्हे, हे या ३८ गाण्यांतून कळते. दबलेला माणूस शब्द गिळतो. जुआंवच्या गाण्यात एकही शब्द गिळलेला नाही. भाषा कळत नसूनही प्रत्येक अक्षर वेगळे ऐकू येते. आवाज चढवण्याचा दबाव ज्यांच्यावर आहे आणि आवाज बंद ठेवण्याचा दबाव ज्यांच्यावर आहे, त्या दोघांनाही यातून शिकता येईल. ही गाणी रात्री, घर निजल्यावर, आवाज अगदी कमी ठेवून ऐकावीत. वाढवून ऐकली तर त्यातले पुष्कळसे निसटते.